मला दिसलं होतं, पण मी बोलले नाही

ऑफिसमध्ये नव्या आयडिया नक्की येतात कुठून? बीनबॅगमधून, हॅकेथॉनमधून, की भिंतीवरच्या इंग्रजी पोस्टरमधून? या प्रश्नाचं उत्तर मला वाळूजच्या एका ड्रिलिंग मशीनपाशी मिळालं. ते मशीन माझे पप्पा चालवतात.

आधी माझी चूक सांगते. गेल्या वर्षी शहरातल्या एका ऑफिसमध्ये मी दोन महिने इंटर्नशिप करत होते. नाव सांगत नाही आणि त्याची गरजही नाही, कारण असं ऑफिस तुमच्याही ओळखीचं असणारच. तिसऱ्याच दिवशी मीटिंगमध्ये मी हात वर केला. एका कार्यक्रमाच्या प्रमोशनसाठी कॉलेजच्या मुलांचे छोटे व्हिडिओ करू या, असं सुचवलं. सर हसले आणि म्हणाले, “बेटा, आधी चहा कुठे मिळतो ते शिक, मग आयडिया दे.” सगळे हसले. मीही हसले. काय करणार!

तीन आठवड्यांनी त्याच कार्यक्रमाचे फ्लेक्स छापायला जाणार होते. डिझाइन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. बघितलं तर तारीख बरोबर, पण वार चुकलेला. शनिवारच्या जागी रविवार. मी टाइप केलं, ‘सर, वार...’ आणि खोडून टाकलं. म्हटलं, ग्रुपवर एवढे लोक आहेत, कोणाला तरी दिसलंच असेल. आणि समजा माझंच चुकलं असेल, तर पुन्हा तो चहाचा जोक. फ्लेक्स छापले, क्रांती चौकापासून टीव्ही सेंटरपर्यंत लागले आणि दुसऱ्या दिवशी सगळे उतरवावे लागले. संध्याकाळी सर आम्हाला समोर उभं करून ओरडले, “एवढ्या जणांपैकी एकालाही दिसलं नाही?”

मला दिसलं होतं.

गंमत म्हणजे त्याच ऑफिसच्या भिंतीवर ‘थिंक आउट ऑफ द बॉक्स’ असं मोठ्ठं पोस्टर होतं. खाली दोन बीनबॅग. एकावर कुरिअरची पाकिटं पडलेली असायची आणि दुसऱ्यावर कोणी बसायचं नाही.

शोकेसमधला स्टीलचा डबा

ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा पप्पा रागावले नाहीत. ते उठले आणि शोकेसमधून एक स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. मम्मी दिवाळीत त्यात चकल्या ठेवते. लहानपणापासून मी तो बघत आलेय, पण तो कुठून आला हे कधी विचारलंच नव्हतं.

ती गोष्ट समजून घ्यायची तर वाळूज समजून घ्यायला हवं. बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याची पायाभरणी १९८४ मध्ये झाली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मोठी कंपनी आली की तिला पार्ट पुरवणाऱ्या कंपन्या येतात. एन्ड्युरन्ससारख्या आज मोठ्या झालेल्या कंपनीची सुरुवातही १९८५ मध्ये आपल्याच शहरात अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंगच्या दोन मशीनवर झाली. मग गंगापूर, वैजापूर, पैठण, अंबडकडची पोरं आयटीआय करून किंवा न करताच इथे आली, बजाजनगरात, रांजणगावात खोली करून राहिली. माझे पप्पा त्यातलेच एक.

पप्पा आधी एका छोट्या वर्कशॉपमध्ये होते. तिथे एका ब्रॅकेटला भोक पाडायचं काम होतं. त्या फिक्स्चरमध्ये जॉब सुलटाही बसायचा आणि उलटाही. दिवसा ठीक, पण तिसऱ्या शिफ्टला पहाटे चार वाजता डोळ्यांवर झापड आली की जॉब उलटा बसायचा, भोक भलतीकडे पडायचं आणि माल भंगारात जायचा. पप्पांना उपाय दिसत होता. फिक्स्चरवर एका बाजूला छोटी पिन वेल्ड केली की जॉब उलटा बसणारच नाही. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं. उत्तर आलं, “तू ऑपरेटर हायेस का इंजिनिअर?” पप्पा गप्प बसले. पुढे माल रिजेक्ट होत राहिला, शिव्या बसत राहिल्या आणि पगार कापून जात राहिला.

सहा वर्षांनी ते दुसऱ्या कंपनीत लागले. जॉब वेगळा, पण रडगाणं तेच. फरक एकच होता. तिथे नुकताच लागलेला एक इंजिनिअर रिजेक्शनचा कागद घेऊन केबिनमध्ये बसला नाही. रात्रपाळीला मशीनपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “भाऊ, हा उलटा का बसतो? तुम्हाला काय वाटतं?” पप्पांनी पिनेचं सांगितलं. चार दिवसांत पिन लागली. लाइनवरच्या बोर्डवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो लागले, खाली पप्पांचं नाव. आणि २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर हा डबा मिळाला.

“पिन माझ्या डोक्यात सहा वर्षं होती,” पप्पा म्हणाले. “विचारलं कुणी नव्हतं.”

मित्रांनो, मला जे सांगायचंय ते या एका वाक्यात आलं. नावीन्य, इनोव्हेशन, क्रिएटिव्हिटी, काहीही म्हणा. ते बहुतेक वेळा बाहेरून आणावं लागत नाही. ते कामाच्या सगळ्यात जवळ असलेल्या माणसाच्या डोक्यात आधीच असतं. प्रश्न एवढाच की ते बाहेर काढलं तर त्याचं काय होईल, याची त्या माणसाला भीती वाटते का.

एक शब्द का बदलला?

पप्पांच्या त्या पिनेला कंपनीत ‘पोकायोके’ म्हणतात. मेकॅनिकलच्या मुलांनी हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला असेल. पण त्यामागची गोष्ट बाकीच्यांनीही ऐकावी अशी आहे.

१९६१ मध्ये जपानमधले इंजिनिअर शिगेओ शिंगो एका इलेक्ट्रिक कारखान्यात गेले. तिथे एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असायच्या आणि कामगार कधीकधी एक विसरायचे. मालक म्हणायचे, लक्ष द्या. कामगार म्हणायचे, हो. पुन्हा विसरायचे. शिंगोंनी सांगितलं, समोर एक छोटी बशी ठेवा. आधी दोन स्प्रिंग बशीत काढा, मग बसवा. काम झाल्यावर बशीत एक उरली तर विसरलं हे लगेच कळेल. खर्च एका बशीचा!

अशा युक्त्यांना तेव्हा ‘बाकायोके’ म्हणत, म्हणजे मूर्खांपासून बचाव. १९६३ मध्ये गाडीचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात साहेबांनी असं साधन बसवलं आणि ते मूर्खांसाठी आहे असं समजावून सांगितलं. तेव्हा तिथली एक कामगार बाई रडायला लागली. मी खरंच एवढी मूर्ख आहे का, असं तिला वाटलं. शिंगोंनी ते ऐकलं आणि शब्दच बदलला. ‘पोकायोके’, म्हणजे नकळत होणाऱ्या चुकीपासून बचाव. जगभरच्या कारखान्यांत आज हाच शब्द चालतो.

यंत्र तेच, युक्ती तीच. बदलली ती भाषा. चूक झाली की ‘कोणी केली?’ विचारायचं की ‘कशामुळे झाली?’ यावर पुढचं सगळं ठरतं. पहिल्या प्रश्नाला माणसं लपतात. दुसऱ्या प्रश्नाला माणसं पिन सुचवतात.

पेटी लावली म्हणजे झालं?

टोयोटाचे एजी टोयोडा १९५० मध्ये अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले होते. तिथे कामगारांकडून सूचना मागवण्याची पद्धत होती. ती त्यांना आवडली आणि १९५१ मध्ये टोयोटाने आपली सूचना योजना सुरू केली. भारतात हैदराबादच्या ‘भेल’ने १९८० च्या सुमारास क्वालिटी सर्कल सुरू केली. एकाच ठिकाणी काम करणारी पाच-दहा माणसं एकत्र बसून आपल्याच कामातला एखादा प्रश्न सोडवतात, ते क्वालिटी सर्कल. आज वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातल्या कितीतरी कंपन्यांमध्ये कायझेन, फाइव्ह एस हे शब्द ‘चहा झाला का’ इतक्या सहज बोलले जातात.

मग सगळं छानच आहे म्हणायचं? पप्पा हसले. “अगं, पेटी सगळीकडे असते. कुलूप गंजलेलं असतं.”

त्यांनी सांगितलेले दोन आजार लक्षात ठेवा, कारण नोकरीला लागलात की तुम्हालाही ते दिसतील. पहिला, टार्गेटचा. माणशी महिन्याला दोन सूचना असा नियम केला की २८ तारखेपासून सगळे काहीही लिहायला लागतात. ‘झाडू इथे ठेवावा.’ पुढच्या महिन्यात, ‘झाडू तिथे ठेवावा.’ आकडा भरतो, काम तिथेच.

दुसरा आजार उत्तर न मिळण्याचा. पप्पांच्या सगळ्या सूचना मान्य झाल्या असं अजिबात नाही. एकदा त्यांनी कन्व्हेयरची उंची वाढवायला सांगितलं होतं. ते नाकारलं गेलं. पण त्या इंजिनिअरने येऊन कारण सांगितलं, की उंची वाढवली तर पुढच्या मशीनला जॉब नीट पोचणार नाही. पप्पांना पटलं आणि पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरं काहीतरी सुचवलं. नकाराने माणूस थांबत नाही. शांततेने थांबतो. सूचना पेटीत पडली आणि वरून ना ‘हो’ आलं ना ‘नाही’, की तो माणूस पुन्हा पेटीकडे बघत नाही.

आणि एक गोष्ट पप्पा बोलले नाहीत, पण मला दिसते. बोर्डवर फोटो लागतो तो कायम कामगाराचा. ठेकेदारीवरचा मुलगा, ट्रेनी, अप्रेंटिस यांचा क्वचितच. खरं तर नव्या माणसाला जास्त खटकतं, कारण त्याच्या डोळ्यांना अजून सवय झालेली नसते. पण पुढच्या महिन्यात आपल्याला ठेवतील की नाही हेच माहीत नसताना कोण कशाला बोलेल? माझ्या फ्लेक्सचं तेच झालं. एखाद्या कंपनीची संस्कृती बघायची असेल तर एमडींचं भाषण ऐकू नका. तिथला सगळ्यात नवा, सगळ्यात कच्च्या नोकरीतला माणूस मीटिंगमध्ये तोंड उघडतो का, ते बघा.

चांगल्या टीममध्ये चुका जास्त?

हे फक्त कारखान्यापुरतं आहे असं वाटत असेल तर हॉस्पिटलमध्ये चला. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम आणि औषधं देताना होणाऱ्या चुका यांचा अभ्यास करत होत्या. त्यांचा अंदाज तुमच्या-माझ्यासारखाच होता. टीम चांगली असेल तर चुका कमी होणार. आकडे आले ते उलटे. चांगल्या टीममध्ये चुका जास्त!

नंतर उलगडा झाला. त्या टीममध्ये चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी नर्स घाबरून गप्प बसायच्या, म्हणून कागदावर सगळं स्वच्छ दिसायचं. यातूनच १९९९ मध्ये एडमंडसन यांनी टीमच्या ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ची कल्पना मांडली. साध्या मराठीत, बोललो तर आपली फजिती होणार नाही हा भरवसा. म्हणजे ‘आमच्याकडे चुकाच होत नाहीत’ असं एखादा साहेब छाती फुगवून सांगत असेल तर जरा सावध राहा.

हा भरवसा असला की फसलेली गोष्टही कामाला येते. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये एक गोंद बनवला. हवा होता घट्ट, झाला कच्चा. चिकटायचा आणि सहज निघायचा. त्यांनी तो लपवला नाही, कंपनीत जो भेटेल त्याला सांगत राहिले. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना चर्चमधल्या गाण्याच्या पुस्तकातून सारख्या पडणाऱ्या खुणेच्या चिठ्ठ्यांनी वैताग आणला आणि त्यांना तो गोंद आठवला. १९८० मध्ये पोस्ट-इट अमेरिकाभर बाजारात आलं. तुमच्या पुस्तकातल्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या म्हणजे न लपवलेलं अपयश आहे.

आणि भरवसा नसला तर? मग माणूस निघून जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात, तरी ते थांबले नाहीत. १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाराष्ट्राचा फायदा झाला. पण विचार करा, ज्या संस्थेने त्यांना जाऊ दिलं, तिने काय गमावलं!

याची सुरुवात आपल्या जर्नलमध्ये होते

आता जरा आपल्याकडे बघू. आपल्या शहरात नव्या कल्पनांसाठी दारं नाहीत असं नाही. सीएमआयएच्या पुढाकाराने सुरू झालेलं ‘मॅजिक’ स्टार्टअपना मदत करतं. विद्यापीठात अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये छोट्या उद्योगांसाठी टेस्टिंग आणि डिझाइनच्या सोयी आहेत. डोक्यात काही असेल तर एकदा जाऊन या, कॅनॉटमध्ये बसून नुसती चर्चा करण्यापेक्षा ते बरं.

पण तिथे पोचण्याआधी आपल्याला एक सवय लागलेली असते. सायन्सवाल्यांनो, खरं सांगा. प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग चुकलं की काय करता? उत्तर काय यायला हवं ते बघून उलटं गणित करत रीडिंग भरता ना? जर्नल चकाचक, मार्क पूर्ण. रीडिंग का चुकलं, हे शिकायचं राहूनच जातं. आम्ही आर्ट्सवालेही काही कमी नाही. लेक्चरमध्ये शंका असते, पण मागच्या बाकावरून कोणी ‘ओ स्कॉलर’ म्हणेल म्हणून विचारत नाही. चूक लपवायचं ट्रेनिंग तीन-चार वर्षं घेऊन आपण नोकरीला लागतो आणि पहिल्याच दिवशी एचआर म्हणतो, बी इनोव्हेटिव्ह!

आणि हो, दोष फक्त सरांचा नसतो. गॅदरिंगच्या कमिटीत ज्युनिअरने काही सुचवलं तेव्हा मीसुद्धा म्हटलंय, “तू आधी खुर्च्या लाव.” चहाचा जोक मला झोंबला, पण तोच जोक मी आधी कोणावर तरी करून झाले होते.

हे करून बघा

• इंटरव्ह्यूमध्ये ‘तुमचे काही प्रश्न?’ असं विचारलं की पगाराच्या पुढचं एक विचारा. ‘इथे नव्या माणसाने सुचवलेली एखादी गोष्ट तुम्ही केली आहे का?’ उदाहरण लगेच आठवलं तर चांगलं. खोकला आला तर समजून जा.

• पहिल्या महिन्यात एक छोटी वही ठेवा. खटकेल ते लिहा. लगेच बोलायलाच हवं असं नाही, पण दोन महिन्यांनी डोळ्यांना सवय झाली की ते दिसणं बंद होतं.

• सांगताना ‘हे चुकीचं आहे’ एवढ्यावर थांबू नका. पप्पांसारखं सांगा. काय होतंय, कधी होतंय, काय केलं तर थांबेल. तीन वाक्यं पुरतात.

• सगळ्यांसमोर धीर होत नसेल तर एकट्याला गाठून सांगा. ग्रुपवर नाही तर पर्सनल मेसेजवर. मी तेवढं केलं असतं तरी फ्लेक्स वाचले असते.

• आणि उद्या तुम्ही टीम लीडर झालात, कमिटीचे प्रमुख झालात, तर सगळ्यात आधी ज्युनिअरला बोलू द्या. मोठा माणूस आधी बोलला की बाकीचे फक्त माना हलवतात. सुचवलेलं नाकारायचं असेल तर जरूर नाकारा, पण कारण सांगा.

शेवटी एक. परवा रात्री पान लागत असताना प्रूफ माझ्या हातात होतं. एका बातमीच्या मथळ्यात आकडा वेगळा आणि आत मजकुरात वेगळा दिसला. रात्रीचे पावणेदहा, सगळ्यांची धावपळ. पोटात तोच जुना गोळा आला. तरी उपसंपादकांकडे गेले आणि म्हटलं, “सर, हा आकडा जुळत नाहीये.” त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “अगं, मथळ्यातला एकूण आकडा आहे, आतला फक्त आपल्या जिल्ह्याचा. बघ, खाली दिलंय.”

चूक माझीच होती. मी ओशाळून मागे वळले, तेव्हा त्यांनी मान वर न करता म्हटलं, “पुढच्या वेळीही विचार.”

घरी जाऊन मी पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणाले, “मग तुला डबा मिळणार एक दिवस.”